शिक्क्याचा मुद्दा

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात स्वतःचा वकील देणारा माणूस साठच्या दशकात आमच्या सातारा जिल्ह्यात विरळाच असे. रीत ठरलेली होती. पोलिसांनी उभं करायचं, आरोपीनं ‘गुन्हा कबूल’ म्हणायचं, दंड भरायचा आणि जमलं तर त्याच संध्याकाळच्या एसटीनं घर गाठायचं. वकील लावला तर तो उगाच तारखा वाढवतो अशी लोकांची समजूत होती. ती अगदीच खोटी होती असं पस्तीस वर्षं वकिली करूनही मी म्हणणार नाही.

त्यातून मी बाई. कोर्टाच्या आवारात नवा माणूस मला कोटात पाहून आधी विचारी, “वकीलसाहेब कुठं गेलेत?” माझ्याकडे यायच्या त्या पोटगीच्या आणि फारकतीच्या केसेस. दारूची कामं आली ती अपघातानं. ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी उमेदवारी केली त्यांना अशी कामं हलकी वाटत, म्हणून ते ती माझ्याकडे सरकवत. पुढे मला त्यांची गोडी लागली. त्यात कायद्याइतकंच शास्त्र होतं, आणि माणसाच्या खोटं बोलण्याचे नमुने तर इतके की कंटाळा यायला वेळच नसे.

आजच्या वाचकाला सांगायला हवं की तेव्हा राज्यात कडक दारूबंदी होती. परमिट नसताना पिणं हाच गुन्हा, आणि पिऊन गाडी चालवणं हा त्यावर दुसरा. पुरावा तीन प्रकारचा असे. एक म्हणजे तोंडाचा आणि कपड्यांचा वास. दुसरा चालण्या-बोलण्याचा; डॉक्टर आरोपीला फरशीच्या रेघेवरून चालायला लावत आणि डोळ्यांच्या बाहुल्या पाहत. तिसरा आणि सगळ्यांत भारी पुरावा रक्ताचा. डॉक्टरांनी रक्त काढायचं, छोट्या कुपीत भरायचं, तिच्या बुचावर लाखेचा शिक्का मारायचा आणि ती सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवायची. तिथून आलेल्या अहवालात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दारू निघाली की कायदा उलटा फिरे. मग आपण प्यालो नव्हतो हे आरोपीनं दाखवायचं.

एका पक्षकारानं डॉक्टरांसमोर जाण्याआधी दोन कच्चे कांदे चावून खाल्ले होते. डॉक्टरांनी अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं, ‘कांद्याचा व दारूचा वास.’ दुसरे एक पेन्शनर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवीच घेऊन आले. “एवढं औषध एका दिवसात घेतलंत?” मी विचारलं. “खोकला लय होता, बाई,” ते म्हणाले. त्यांना मी गुन्हा कबूल करायला लावला.

सदाशिव खरात यांनाही मी तेच सांगितलं होतं. ते सांगायलाच आज हा लेख लिहायला बसले आहे.

ते आले ते जूनच्या सुरुवातीला, भर दुपारी. चाळिशीचा ताठ माणूस, धुवून इस्त्री केलेला खाकी शर्ट. चपला दाराबाहेर काढून ते टेबलासमोर ‘सावधान’ म्हटल्यासारखे उभे राहिले. बसा म्हटल्यावरही खुर्चीच्या कडेवरच बसले.

“वकीलपत्र करायचं हाय,” ते म्हणाले. “माझं सोताचं. मालकाच्या वकिलाचं न्हाई.”

आटपाडीजवळच्या एका गावचे ते. सैन्यात लॉरी चालवायला शिकले, तिथून सुटल्यावर महाबळेश्वरला एका मालकाच्या टॅक्सीवर ड्रायव्हर राहिले. मे महिन्यात एका दुपारी मुंबईचे एक शेट त्यांच्या गाडीत साताऱ्याला निघाले होते. मागच्या सीटवर एकटेच. घाट उतरताना एका वळणावर समोरून भरलेला ट्रक चुकीच्या बाजूनं आला.

“डावीकडं दरी, उजवीकडं डोंगर,” खरात हातानं दाखवत म्हणाले. “ट्रक माझ्या अंगावर. मी उजवीकडं काढली आन डोंगरावर घातली. दरीत जाण्यापरीस ते बरं.”

ट्रक थांबलाच नाही. गाडीचं तोंड चेपलं, शेटांचा हात मोडला. खरातांनी त्यांना मागच्या दारातून ओढून काढलं, खांद्यावर घेतलं आणि चढणीचं एक वळण चालून गेले, कारण तिथं इंजिनात पाणी घालायला गाड्या थांबत. एका जीपवाल्यानं दोघांना घाटाखालच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. तिथं पोलीस आले. शेटांनी जबाब दिला की ड्रायव्हर प्यालेला होता. खरातांच्या शर्टाला दारूचा वास येत होताच. रक्त काढलं गेलं आणि अहवालात दारू निघाली.

“मालक काय म्हणतात?”

“म्हणत्यात, गुन्हा कबूल कर, बाकीचं मी बघतो. गिऱ्हाईक मोठं हाय, पुढल्या सीझनला परत यायचं हाय. त्यांचा वकील बी म्हणला, कबूल म्हण. म्या म्हणलं, मग तुमी कशाला पायजे? कबूल म्हणायला मला तोंड हाय की.”

मी कागद पाहिले. वास होता, अहवाल होता, मोठ्या माणसाचा जबाब होता. मी सरळ सांगितलं, “खरात, रक्तात निघाली आहे. लढण्यात अर्थ नाही. कबूल करा, लायसन्स वाचवायचा मी प्रयत्न करते.”



“बाई, आर्मीत मी रम घेत होतो. खोटं कशाला बोलू? छप्पन सालानंतर आमी दीक्षा घेतली. पाचवं शील ठावं हाय न्हवं तुमाला? नशा करणार न्हाई, असं. त्या दिसापासनं थेंब न्हाई. आमच्या वाड्यात घरोघर फिरलो मी. पाया पडलो लोकांच्या. वर्सं लागली, पर बाटल्या बंद झाल्या. ऐतवारी पोरांना शीलं म्हणायला मी लावतो. आन आता गाव म्हणतंय, शील सांगणारा घाटात पिऊन पडला. दोघांनी परत सुरू केली. ‘दादा पितोय, मग आमीच का न्हाई?’ म्हणत्यात. कबूल केलं तर त्या कागदावर माझी सही येनार. ती सही पोरं वाचत्याल. वाचायला मीच शिकिवलंय त्यांना.”

मी वकीलपत्राचा कागद पुढे केला. त्यांनी सैन्यात शिकलेली इंग्रजी सही पूर्ण नावानिशी, एकेक अक्षर सुटं काढून केली.

फाइलच्या नकला मिळाल्यावर मी दोन आठवडे त्या कागदांबरोबरच काढले असं म्हटलं तरी चालेल. कोर्टात जाताना-येतानाही तेच डोक्यात. आणि मग मला सापडलं. डॉक्टरांनी कुपीसोबत जे पत्र पाठवायचं असतं त्यावर त्यांच्या शिक्क्याचा नमुना उमटवायचा असतो, म्हणजे प्रयोगशाळेला ताडून पाहता येतं की तीच कुपी तशीच आली. या पत्रावर ती जागा कोरी होती. कुपी खरातांचीच होती हे सरकार पक्षाला पक्कं दाखवता येणार नव्हतं. असल्या चुकीवर आरोपी सुटल्याची उदाहरणं माझ्या कपाटात होती.

मी खरातांना बोलावून घेतलं आणि मोठ्या खुशीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“शिक्का न्हाई, म्हंजे मी प्यालो न्हवतो असं हुतंय का?”

“तसं नाही. तुम्ही प्याला होता हे सिद्ध झालं नाही, असं होतं.”

“म्हंजे प्यालो असंन बी.”

“कोर्ट त्यात पडत नाही.”

“मग त्यो मुद्दा नको.”

मी पुष्कळ समजावलं. सुटका ती सुटका, कशावरून झाली हे कोण वाचतंय, असंही म्हणाले. ते खुर्चीच्या कडेवर तसेच ताठ बसून राहिले. “लोक म्हणत्याल, वकिलानं सोडवला. मला सुटायचं न्हाई, बाई. मी प्यालो न्हवतो, एवढं ठरू द्या. न्हाई ठरलं तर हुईल ती शिक्षा भोगतो. पर शिक्क्याचं काडू नका.”

“बरं,” मी म्हणाले. “नाही काढणार.”

शब्द दिला खरा, आणि त्यानं माझं काम दसपट अवघड झालं. माणूस प्यालेला नसेल तर त्याच्या रक्तात दारू आली कुठून? सरकारी नियमांचं पुस्तक काढून मी रक्त काढण्याची रीत पुन्हा वाचली. इंजेक्शनची पिचकारी पाण्यात उकळून घ्यायची. कातडी उकळलेल्या पाण्यानं पुसायची. कुठल्याही टप्प्याला स्पिरिटचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, कारण स्पिरिट म्हणजे दारूच. ते वाचता वाचता मला वाटलं, आपण एकदा तो दवाखाना बघून यावा.

सकाळच्या गाडीनं गेले, बायकांच्या रांगेत बसले. कोट घरीच ठेवला होता. नंबर आल्यावर सांगितलं, फार थकवा येतो. ते खोटं नव्हतं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली आणि ताकदीचं इंजेक्शन लिहून दिलं. आतल्या खोलीत कंपाउंडर होता. त्याच्यासमोर पांढऱ्या चिनीमातीच्या ट्रेमध्ये चार-पाच काचेच्या पिचकाऱ्या बुडवून ठेवल्या होत्या. त्यानं एक उचलली, हवेत एकदा झटकली आणि औषध भरलं. खोलीभर स्पिरिटचा वास होता.

“हे उकळत नाही का?” मी विचारलं.

“स्पिरिटात असत्यात की बाई. त्यात जंतू जगतोय व्हय?” असं म्हणून त्यानं सुई टोचली. दंड दोन दिवस ठणकला. त्या ठणक्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

पण मी पाहिलं ते मला कोर्टात सांगता येणार नव्हतं. वकिलाला आपल्याच खटल्यात साक्षीदार होता येत नाही. आणि त्या दिवशीची पिचकारी मी पाहिलीच नव्हती. डॉक्टरांनी ‘उकळली होती’ एवढे दोन शब्द म्हटले असते तर सगळं संपलं असतं. उत्तर ठाऊक नसताना उलटतपासात प्रश्न विचारू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. इथं सगळा भरवसा डॉक्टरांच्या सचोटीवर होता, आणि त्यांना मी जेमतेम पाच मिनिटं पाहिलं होतं.

खटला हिवाळ्यात उभा राहिला. आधी शेट आले. उंची सूट, बरा झालेला हात खिशात. ड्रायव्हरच्या तोंडाला वास येत होता, गाडी झोकांड्या खात होती, असं त्यांनी सांगितलं. मी उभी राहिले.

“गाडीतून आपल्याला कुणी बाहेर काढलं?”

“ड्रायव्हरनं.”

“रस्त्यावर कसं नेलं?”

“खांद्यावर घेऊन.”

“चढणीनं? एक आख्खं वळण?”

“हो.”

“तो अडखळला, पडला, असं झालं का?”

“नाही.” मग त्यांनी घाईनं पुस्ती जोडली, “मी वेदनेत होतो.”

“आपले कपडे त्या वेळी ओले होते?”

“थर्मास फुटला होता. पाणी सांडलं.”

मी पोलिसांचा पंचनामा त्यांच्यापुढे ठेवला. गाडीत काय काय सापडलं याची पंचांसमोर केलेली ती यादी. तीत लिहिलं होतं, ‘पुढील सीटवर थर्मास एक, शाबूत, आत चहा.’ आणि त्याखाली, ‘मागील सीटच्या पायाशी फुटलेल्या बाटलीच्या काचा, वास दारूचा.’ दोन्ही ओळी मी मोठ्यानं वाचल्या. मागच्या सीटवर कोण बसलं होतं, हे विचारायची गरजच पडली नाही. बाटली आपली नव्हती एवढंच शेट पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांच्याकडे परमिट नव्हतं. ती बाटली कबूल केली असती तर खरातांच्या शेजारी त्यांनाही उभं राहावं लागलं असतं.

मग डॉक्टर. पन्नाशीचे, थकलेले. त्यांनी मला ओळखलं असावं, कारण क्षणभर भुवया वर गेल्या.

“आपल्या दवाखान्यात पिचकाऱ्या कशात ठेवतात?”

“स्पिरिटच्या ट्रेमध्ये.”

“खरातांचं रक्त काढलं ती पिचकारी पाण्यात उकळली होती?”

सरकारी वकील उठले, पण मॅजिस्ट्रेटनी हातानंच त्यांना बसवलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खरात आरोपीच्या पिंजऱ्यात लाकडी कठडा धरून उभे होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्या दुपारी स्टोव्ह पेटत नव्हता. जखमी माणसाकडे आधी बघायचं होतं. कंपाउंडरनं ट्रेमधली दिली, मी वापरली.”

“पिचकारीत राहिलेलं स्पिरिट रक्तात मिसळलं तर अहवालात दारू दिसेल?”

“दिसेल. किती, ते मला सांगता येणार नाही.”

“खरातांचं चालणं-बोलणं?”

“सरळ होतं. मी तसं लिहिलं आहे.”

वऱ्हांड्यात ते मला भेटले. आपली चूक भर कोर्टात कबूल करून आलेला माणूस. त्यांच्यावर खात्याकडून ठपका येणार हे दोघांनाही माहीत होतं. मी आभार मानू लागले तर म्हणाले, “आभार कसले? इतक्या केसेसमध्ये साक्ष दिली, हे कुणी विचारलंच नव्हतं.” आणि पिशवी काखेत मारून ते एसटी स्टँडकडे चालायला लागले.

इथपर्यंत सगळं मनासारखं झालं होतं.

युक्तिवादाच्या दिवशी मी शेटांच्या ओल्या कपड्यांवरून खरातांच्या शर्टाला वास कसा लागला ते मांडलं, पिचकारीचं मांडलं, डोंगराच्या बाजूला वळवलेल्या गाडीचं मांडलं. मॅजिस्ट्रेट ऐकत होते. मग त्यांनी लेखणी खाली ठेवली.

“बाई, डॉक्टरांना किती ते सांगता येत नाही. मग अहवालातली सगळी दारू स्पिरिटचीच होती, हे मी कशावरून मानू?”

प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर होतं. वास, चाल, काचा, तो चढ, सगळं एकत्र धरा, असं मला म्हणता आलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला ‘दोषी’ हा शब्द दिसू लागला. खरात तुरुंगात जातील, लायसन्स जाईल, आणि माझ्यासारख्या बाईला पुन्हा असली केस मिळणार नाही. हेही मनात आलं, लपवत नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “पर्यायी मुद्दा म्हणून मी कोर्टाचं लक्ष कुपीच्या शिक्क्याकडे वेधते.”

मॅजिस्ट्रेटचा चेहरा उजळला. त्यांना हवी होती ती सोपी वाट मी दाखवली होती. लेखणी पुन्हा उचलून ते भराभर लिहू लागले. मी वळून पाहिलं. खरातांनी कठड्यावरचे हात काढून घेतले होते.

निकाल तीन पानी, इंग्रजीत. शिक्क्याचा नमुना जोडलेला नसल्यानं कुपीबद्दल संशय उरतो, संशयाचा फायदा देऊन आरोपीस सोडण्यात येत आहे. सबब इतर मुद्द्यांत शिरण्याचं कारण नाही.

बाहेर चार वकील माझं अभिनंदन करायला आले. बाईनं कमाल केली म्हणाले. खरात पिंपळाखाली उभे होते. मी निकालाचा अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवली.

“कळलं मला. शिक्का म्हणलात तवाच कळलं.”

“खरात, तुम्ही हरला असतात.”

“असंन. पर तुमी सबूद दिला होता.” आवाज चढला नव्हता. “ह्याच्यावर अपील हुतंय का?”

“सुटलेल्या माणसाला अपील नसतं.”

त्यांनी मला नमस्कार केला आणि ते गेले. सुटलेला पक्षकार इतका पडलेला चेहरा घेऊन जाताना मी त्याआधीही पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

आठवडाभर मी कामं केली, पण त्यात जीव नव्हता. माझ्या ज्येष्ठ वकिलांकडे गेले. ते म्हणाले, “आरोपीला वाचवणं हे तुझं काम, आणि तू ते केलंस.” ते बरोबरच होते, पण मला त्यानं बरं वाटलं नाही. मग मी कोर्टात अर्ज देऊन डॉक्टरांच्या, शेटांच्या साक्षीच्या आणि पंचनाम्याच्या शिक्क्यानिशी नकला काढून घेतल्या. साक्षी मराठीत लिहिल्या जात, हे एक बरं होतं. त्यापुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं कराड, विटा करत आटपाडीकडे निघाले. हिवाळ्यातही तो मुलूख कोरडाच. दोन्ही बाजूंना माळ, बाभळी आणि मेंढरं. फाट्यावर उतरून पत्ता विचारला तर एकानं जुन्या नावानं वस्ती दाखवली. वस्तीत पोचल्यावर एका म्हातारीनं मला दुरुस्त केलं, “बौद्धवाडा म्हना, बाई.”

खरात मला पाहून उठले. त्यांच्या पत्नी हौसाबाईंनी “च्या घ्याल का?” असं विचारलं. त्या विचारण्यात आणखी एक प्रश्न होता, तो मला कळला. मी घेते म्हणाले आणि कप हातात घेतला.

“मला तुमच्या लोकांशी बोलायचं आहे,” मी खरातांना म्हणाले. “तुमची परवानगी असेल तरच.”

त्यांनी हौसाबाईंकडे पाहिलं. मग म्हणाले, “बोला. पर जसं झालं तसंच बोला.”

दुपारी पत्र्याच्या छोट्या विहारासमोर तीस-चाळीस माणसं जमली. मी आधी निकाल सांगितला: खरात सुटले, पण कागदातल्या एका चुकीवर सुटले. लोकांत कुजबुज झाली. पुढे बसलेला एकजण हसला. मग मी सांगितलं की तो मुद्दा खरातांनी मला काढू नका म्हणून बजावलं होतं, मी शब्द दिला होता आणि भीतीपोटी मोडला. “निकालात जी खोट आहे ती माझी आहे. यांची नाही.” त्यानंतर साक्षी वाचल्या. थर्मासचं वाचलं, काचांचं वाचलं, पिचकारीचं वाचलं. डॉक्टरांचं ‘सरळ होतं, मी तसं लिहिलं आहे’ हे वाक्य दोनदा वाचलं.

सगळं संपल्यावर ती वाटेतली म्हातारी उठून पुढे आली. “ते कागूद ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा. सदा प्याला होता का न्हवता?”

“नव्हता,” मी म्हणाले.

“शपथेवर?”

“शपथेवर.”

बायका एकमेकींकडे बघून मान हलवू लागल्या. तेवढ्यात मघाशी हसलेला माणूस उभा राहिला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. वस्तीतल्या ज्या दोघांनी परत सुरू केली होती त्यांतला हा एक, हे मला नंतर कळलं. तो खरातांकडे बघत म्हणाला, “म्हंजे दादा, तू प्यालाच न्हाईस?”

“न्हाई रं.”

“मग लय वंगाळ झालं की!” तो डोकं खाजवत म्हणाला. “आता घरात मी काय सबब सांगू?”

आधी हौसाबाई हसल्या, मग सगळीच. हसता हसता खरातांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. तो माणूस तसाच उभा राहिला, ओशाळलेला. मग खाली बसला. खरात उठून त्याच्याजवळ गेले आणि शेजारी मांडी घालून बसले. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला ते मला फाट्यावर सोडायला आले. साक्षीच्या नकला त्यांनी मागून घेतल्या होत्या. पोरांना वाचायला देणार होते.

“बाई, एक इचारू? निकाल बरोबर लागला असता तर तुमी हितवर आला असता का?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या माणसासमोर ते जमलं नाही. “नसते आले. पोस्टानं नक्कल पाठवली असती.”

“व्हय,” ते म्हणाले. “आन इंग्रजीतली नक्कल मला कुनी वाचून दावली असती?”

गाडी आली. त्यांनी कंडक्टरला हाक मारली, “वकीलबाई हायत आमच्या, खिडकीशी जागा द्या.” मी आत जाऊन बसले. गाडी सुटेपर्यंत ते सावधान उभे होते.